मागे राहिलेल्यांसाठी

२०१६ च्या पावसाळ्यात आमचा धाकटा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. एकोणीस वर्षांचा होता. आमच्यात शोक तीन दिवसांचा. त्या दिवसांत नातेवाईक, मोहल्ल्यातले लोक जेवण पाठवतात, घर माणसांनी भरलेलं असतं. चौथ्या दिवशी ते रिकामं होतं. यात दोष कुणाचाच नाही, ज्याला त्याला आपापली कामं असतात.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. नगरच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. सगळे त्यांना 'बाई' म्हणतात. दुसऱ्या आठवड्यात बाई आल्या, सोबत त्यांच्या मंडळीतल्या चार बायका. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चमधल्या समुदायाला 'मंडळी' म्हणतो. मला हा शब्द फार आवडतो. आपल्याकडे घरच्या माणसांनाही मंडळीच म्हणतात!

"भाभी, आम्ही इथं बसून प्रार्थना केली तर चालेल का?" बाईंनी विचारलं. माझी पत्नी म्हणाली, "बसा ना बाई." त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळेपणाने रडली. एका नातेवाइकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "हे काय चालवलंय?" मी गप्प बसलो. त्याला पटेल असं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

ते उत्तर पुढे शोधत गेलो. आम्ही फातिहा पढतो ती मरहूमसाठी, अल्लाने त्याला क्षमा करावी म्हणून. बाईंच्या मंडळीत मृतासाठी प्रार्थना करत नाहीत. त्यांची प्रार्थना मागे राहिलेल्यांसाठी असते. रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना होते, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने देवाजवळ मागणं. आजारी कोण, कुणाच्या घरी मृत्यू झाला, त्यांची नावं मोठ्याने घेतली जातात. नाव घेतलं गेलं, की उपासना संपल्यावर दाराशी चारजण विचारतात आणि आठवड्यात कुणीतरी घरी येतं. दुःखी माणसाला स्वतःहून हाक मारावी लागत नाही. मला वाटतं, खरं बळ इथे आहे.

बाईंनी मला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली. बी. ए.ला असताना मी ती परीक्षेपुरती वाचली होती. आता वेगळीच वाचली. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. पुढे त्या त्यांच्याकडे आल्या, तरी सोवळं सोडलं नाही. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. धर्मांतर त्यांनी केलं ते सुमारे पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाशी पुरतं भांडून. मग त्यांच्या घरात पोरकी मुलं आली, माणसं आली. पुस्तकात धर्मचर्चा थोडी आणि माणसांची ये-जा फार. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अकराव्या अध्यायात अडलं होतं. रीतसर शाळा न शिकलेल्या या बाईने पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले. मी कवी आहे, ओवी किती घाम काढते ते मला ठाऊक आहे. मुलगा गेल्यावर वर्षभर मला एक ओळ सुचली नव्हती.

त्या बायका बायबलमधली स्तोत्रं वाचत. हीच दाऊद नबींची जबूर, आम्हीही तिला मानतो. मात्र आमच्या घरात ती कधी वाचली गेली नव्हती. एकूण दीडशे स्तोत्रं. त्यांतल्या कितीतरी स्तोत्रांत सरळ देवाकडे तक्रार आहे. ८८ वं तर अंधारावरच संपतं, शेवटी दिलासासुद्धा नाही. बाईंनी नेमकं तेच निवडलं होतं. "सब्र करा" हे आम्ही शंभरदा ऐकलं होतं, आणि ते खरंच आहे. पण आधी तक्रार करायची मुभा त्या दुपारी मिळाली.

मी मुसलमान आहे, नमाज पढतो, आणि बाईंनी कधी दुसरं काही सुचवलं नाही. तो नातेवाईक अजून थोडा नाराज आहे. दर पावसाळ्यात मुलाच्या तारखेजवळच्या रविवारी बाईंच्या मंडळीत आम्हा दोघांची नावं घेतली जातात. पत्नी सोमवारी न चुकता विचारते, "बाई, काल घेतलं ना नाव?"