न दिसणारे अपंगत्व

पांढरी काठी टेकीत चाललेला अंध मनुष्य दिसला की गाडीवान वेग आवरतो. काठी वाट चाचपण्यास उपयोगी पडते; तिचा पांढरा रंग मात्र त्या अंधासाठी नसून इतरांसाठी असतो. परंतु प्रत्येक अपंगाच्या हाती अशी खूण नसते.

सिकलसेल हा रक्ताचा विकार आईबापांकडून मुलांत उतरतो. विदर्भात आणि नंदुरबारकडील आदिवासी भागात तो बराच आढळतो. निरोगी रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात. या विकारात त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हातापायांत किंवा पाठीत असह्य कळा येतात. थंडी, अतिश्रम किंवा शरीरातील पाणी कमी होणे एवढेही त्यास निमित्त पुरते. भारतात १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ झाले, व त्यांत सिकलसेलही आला.

कळा थांबल्यावर तोच मुलगा शाळेत येतो, तेव्हा त्याच्याकडे पाहून कोणास काही उमगत नाही. खेळाच्या तासाला तो कडेला बसला की सोबती त्यास आळशी म्हणतात. हे बोल त्याला कळांइतकेच झोंबतात.

वास्तविक त्याची गरज थोडकी असते. तास चालू असतानाही पाणी पिण्याची व बाहेर जाण्याची मुभा, हिवाळ्यात उबेची जागा, आणि बुडालेला अभ्यास उतरवून घेण्यास कोणाची तरी वही. लांबच्या शर्यतीत त्याला ओढू नये. पंचाचे काम मात्र खुशाल द्यावे. दुखण्याविषयी तो आपण होऊन बोलला तर ऐकावे, चारचौघांत खोदून विचारू नये.