मेजर परमेश्वरन् : शेजारच्या यादवींतील एक वीर

जयगडच्या बुरुजावर उभें राहिलें असतां शास्त्री नदीच्या मुखापुढें अफाट सागर दिसतो. ह्याच किनाऱ्यानें दक्षिणेस जात राहिल्यास भरतभूमीच्या टोकापलीकडे श्रीलंका लागते. तेथें १९८३ सालीं सरकार व स्वतंत्र राज्य मागणारे तमिळ बंडखोर ह्यांच्यांत यादवी पेटली. तींत परमवीर चक्र मिळविणाऱ्या मेजर रामस्वामी परमेश्वरन् यांची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावी, असें आम्हांस वाटतें.

मेजरांचा जन्म १३ सप्टेंबर १९४६ रोजीं मुंबईस झाला. तेथेंच विज्ञानाची पदवी घेऊन ते १९७२ सालीं महार रेजिमेंटमध्यें अधिकारी झाले. ही रेजिमेंट १९४१ सालीं बेळगांवीं उभी राहिली. तीसाठीं खटपट करणारे डॉ. आंबेडकर यांचें मूळ गांव आंबडवें आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांत आहे.

२९ जुलै १९८७ रोजीं भारत व श्रीलंका ह्यांच्यांत करार झाला. बंडखोरांनीं शस्त्रें ठेवावीं व शांतता राखण्यास भारतीय सैन्य जावें, असें ठरलें. परंतु बंडखोरांनीं तें मानिलें नाहीं, आणि ऑक्टोबरांत त्यांच्याशींच लढण्याचा प्रसंग आला. दोघांचें भांडण सोडविणाऱ्यास घाव सोसावे लागतात, तसेंच झालें.

२५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्रीं मेजरांची तुकडी शोधकार्य आटोपून परतत असतां दबा धरून बसलेल्या बंडखोरांनीं तिजवर गोळीबार केला. मेजर डगमगले नाहींत. वळसा घालून त्यांनीं शत्रूस पाठीमागून गांठलें. हातघाईंत एकानें त्यांच्या छातींत गोळी घातली. त्याचीच बंदूक हिसकावून त्यांनीं त्यास ठार केलें, आणि शेवटच्या श्वासापर्यंत ते जवानांस हुकूम व धीर देत राहिले. त्या चकमकींत पांच बंडखोर पडले.

आपलें सैन्य मार्च १९९० मध्यें परतलें. एक हजारांहून अधिक जवान कामास आले. युद्ध मात्र मे २००९ पर्यंत चाललें. मग मेजरांचें मरण व्यर्थ गेलें काय, असें कोणी विचारील. सैन्य पाठविणें उचित होतें कीं नाहीं, ह्याविषयीं मतभेद आहेत व राहतील. पण त्या अंधारांत मेजरांपुढें तो प्रश्न नव्हता. त्यांच्या भरंवशावर चालणारे जवान होते, व त्यांस त्यांनीं अंतर दिलें नाहीं.

२०२३ सालीं अंदमानांतील एका बेटास त्यांचें नांव देण्यांत आलें. विद्यार्थ्यांनो, रणांगण प्रत्येकाच्या वाट्यास येत नाहीं. पण आपल्यावर विसंबलेलीं माणसें प्रत्येकास असतात. त्यांस संकटीं न सोडणें, हें या वीरापासून शिकण्याजोगें आहे.