घर दुरुस्त करावे की सोडावे?

‘घर पाहावे बांधून’ असे म्हणतात, ते खोटे नाही. घर बांधता बांधता माणूस थकतो. म्हणून घर मोडकळीला आले, तरी ते सोडवत नाही. पण घराचेही वय होते. मग डागडुजी करावी, की दुसरीकडे राहायला जावे?

ठाण्याचे खोपट आपल्याला ठाऊक आहे. एस.टी.ने ठाण्याला गेलो, की आपण तेथे उतरतो. जवळच नौपाडा आहे. तेथे ४ ऑगस्ट २०१५ रोजी मध्यरात्रीनंतर एक जुनी इमारत कोसळली. माणसे झोपेत होती. बारा जण दगावले.

पक्की इमारत पडते कशी? स्लॅबला भेग पडते. भेगेतून पाणी मुरते. आतल्या लोखंडी सळया गंजतात. गंजलेली सळई फुगते आणि वरचे सिमेंट फोडते. वरून गिलावा करून रंग दिला, तरी आत गंज चालूच राहतो. म्हणून रंगावर पैसे घालण्याआधी खांब, तुळया आणि भिंती पाहाव्या. गावच्या मातीच्या घरालाही हाच नियम. ओळंबा सोडून भिंत कलली आहे का ते पाहावे. तुळईच्या टोकांना वाळवी लागली आहे का ते टोकरून पाहावे.

शहरात ३० वर्षांवरच्या इमारतीची तपासणी जाणत्या इंजिनिअरकडून करून घ्यावी, असा कायदा आहे. अशा इमारतींचे चार वर्ग करतात. सी-१ म्हणजे अति धोक्याची. ती रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी माणसे राहत असतानाच दुरुस्त करता येते. सी-३ ला किरकोळ दुरुस्ती पुरते.

दुरुस्ती होण्यासारखी असेल, तर हिशेब करावा. समजा, दोन लाख खर्च आला आणि घर वीस वर्षे टिकले. वर्षाला दहा हजार पडले. तेच घर दोनच वर्षे टिकले, तर वर्षाला एक लाख पडले! मग दुसरे घर पाहिलेले बरे.

पुष्कळ भाडेकरू म्हणतात, “खोली सोडली तर हक्क जाईल.” या भीतीने ते धोक्यात राहतात. पण धोक्यामुळे खोली रिकामी केली, म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. निघण्यापूर्वी खोलीचे मोजमाप करून घ्यावे. त्याचा दाखला महानगरपालिकेकडून मागून घ्यावा. भाड्याच्या पावत्या, विजेची बिले, रेशनकार्ड जपून ठेवावे. नवी खोली केवढी मिळणार, केव्हा मिळणार, तोवर भाडे कोण देणार, हे करारात लिहून घ्यावे. वाचल्याशिवाय सही करू नये. आता आपल्याला वाचता येते!

हे सारे उन्हाळ्यात उरकावे. यंदा वैशाखातच आपण आपल्या घराभोवती एक फेरी मारू या.