बोकडाचा मुतखडा गव्हाणीत घडतो

दारात बांधून पोसलेला बोकड पाठ वाकवून जोर लावू लागला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, 'याचं पोट धरलं.' मग गोडेतेल पाजतात, पोट चोळतात, आणि तेवढ्यात रात्र निघून जाते. खरं तर तो जोर लेंड्यांसाठी नसतोच, लघवीसाठी असतो. शेपटी सारखी हलते, जनावर कण्हतं, मागच्या पायाने पोटावर लाथ मारतं, थेंब थेंब गळतं आणि तेही कधी लालसर. इंद्रियाजवळच्या केसांना वाळूसारखे कण चिकटलेले दिसले, तर मुतखड्याची शंका पक्कीच धरावी.

माणिकगडच्या डोंगरावर, जिवती तालुक्यात, दिवसभर रानात पाला ओरबाडणाऱ्या शेळ्यांमध्ये हा आजार सहसा दिसत नाही. तो गाठतो ईदेसाठी किंवा विक्रीसाठी दाण्यावर वाढवलेल्या खच्ची बोकडाला. मका, ज्वारी, गव्हाचा कोंडा, सरकीची ढेप या सगळ्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम कमी. रवंथ करणारं जनावर जास्तीचं स्फुरद लाळेतून पोटात सोडतं आणि शेणावाटे बाहेर टाकतं. पण लाळ सुटते ती चावून. पाला, कुटार खाताना तासन् तास जबडा चालतो. भरडा मात्र दोन मिनिटांत फस्त होतो. लाळ कमी पडली की स्फुरद मूत्रपिंडाकडे वळतं आणि लघवीत मॅग्नेशियम-अमोनियाशी जमून त्याचे खडे होतात.

बोकडाची मूत्रनळी लांब आणि अरुंद. वाटेत एक नागमोडी वळण आणि टोकाला दोऱ्यासारखी बारीक शेपटी. खडा अडकतो तो बहुधा या दोन जागी. फार लहानपणी खच्ची केलं तर नराचं संप्रेरक मिळत नाही आणि नळी अरुंदच राहते. शेळीची नळी आखूड आणि रुंद, त्यामुळे तिला व्यायल्यानंतर संसर्ग होऊ शकतो, पण लघवी तुंबणं विरळाच.

'आमच्या पाण्यातच चुना आहे,' असंही म्हणतात. डोंगराखाली गडचांदूरला सिमेंट कारखाने उभे आहेत ते इथल्या चुनखडीवरच, त्यामुळे हा संशय साहजिक आहे. पण दाण्यावरच्या बोकडाचा खडा चुन्याचा नसतो. उलट खाद्यात कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट असावं असं पशुवैद्यक सांगतात. माझ्या मते पाण्यातल्या चुन्यापेक्षा पाण्याच्या टंचाईला दोष द्यायला हवा. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, टाकीतलं पाणी तापतं, बोकड तोंड लावत नाही आणि लघवी दाट होते.

चुन्याचा खरा खडा पाहायचा तर शहरात हौसेने पाळल्या जाणाऱ्या गिनी पिगचा पाहावा. हा प्राणी खाद्यातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीतून टाकतो. म्हणून त्याची लघवी निरोगी असतानाही गढूळ, पांढरट असते. लसूणघास सतत मिळाला तर कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्याच घटकाचा खडा होऊ शकतो. मादीला संसर्गही लवकर होतो, कारण मूत्रद्वार गुदद्वाराला लागून. लघवी करताना किंचाळणं, मागचा भाग ओला राहणं, रक्त पडणं ही त्याची लक्षणं. इथे घरातली माणसांची अमॉक्सिसिलिन देणं मात्र जिवावर बेततं. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक क्लॉस्ट्रिडियम माजतो आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. सुरक्षित प्रतिजैविकं आहेत, पण ती पशुवैद्यकानेच निवडायची.

बोकडाच्या बाबतीत प्रतिजैविकाने खडा हलत नाही. आधी वाट मोकळी व्हावी लागते. मूत्रनळीच्या टोकाची ती बारीक शेपटी कापली की काही बोकड तिथल्या तिथे धार सोडतात. नाहीतर मूत्राशयात नळी बसवायची शस्त्रक्रिया करावी लागते. लघवी सुटावी म्हणून भरपूर पाणी पाजणं किंवा लघवीचं औषध देणं हा उपाय नाही, त्याने तुंबलेलं मूत्राशय फुटू शकतं. फुटलं की ताण जातो, बोकड शांत होतो, घरच्यांना हायसं वाटतं. मग पोट फुगत जातं. म्हणून पहिल्या तासांतच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा फिरत्या पथकासाठी १९६२ वर फोन लावावा.

कल्हईवाल्याकडचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. लघवी आम्लधर्मी करून स्फुरदाचे खडे होऊ न देण्यासाठी पशुवैद्यक तेच वजनानुसार वापरतात. बाजारातला खडा फोडून अंदाजाने चारू नये. त्याची शुद्धता ठाऊक नसते आणि जास्त झाला तर बाधतो. घरी करण्यासारखं म्हणजे भरड्यात मीठ घालणं, पाणी सावलीत ठेवून दिवसातून दोनदा बदलणं, दाणा हळूहळू वाढवणं आणि पोट पाल्याने, कुटाराने भरणं. खच्ची करायचंच असेल तर पिल्लू तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत थांबावं. तोवर नरांना माद्यांपासून वेगळं बांधावं लागतं, कारण चार महिन्यांचा बोकडही गाभण करू शकतो.