पतंगाच्या शेपटीला धरून

‘उंबर फोडून केंबरे काढणे’ म्हणजे नसती घाण उकरणे. ही केंबरे म्हणजे गांधीलमाश्यांची चिमुकली भावंडे. उंबराची फुले फळाच्या आतच फुलतात आणि तिथे परागकण नेणारी हीच. त्यांच्याविना उंबराचे बी धरत नाही, आणि म्हणीत मात्र ती घाण! शहापूर-मुरबाडच्या भाताखाचरांत त्यांच्या चुलतबहिणींची गत वेगळी नाही.

दसऱ्याच्या सुमारास किन्हवली किंवा धसईकडे बांधावर उभे राहा. लोंब्या दाण्यांनी वाकलेल्या, मध्येच एखादी पांढरीफट्ट, ताठ. ओढली की अलगद हातात येते. ही पळिंज, खोडकिड्याच्या अळीची करणी. तीच अळी कोवळ्या रोपात शिरली तर पोंगा वाळतो, ती गाभेमर. पण पळिंज दिसते तेव्हा फवारून काही साधत नाही. खरा डाव आधीच पानाच्या शेंड्यावर होऊन गेलेला असतो. खोडकिड्याची पिवळी पतंगीण तिथे अंड्यांचा पुंजका घालते आणि स्वतःच्या शेपटीचे केस त्यावर लिंपते. आठवडाभरात अळ्या बाहेर पडतात, खोडात शिरतात आणि औषधाच्या हाती लागत नाहीत.

या केसाळ गोधडीखालच्या अंड्यांवर आपली पिल्ले वाढवणाऱ्या तीन चुलतबहिणींच्या, म्हणजे तीन चिमुकल्या माश्यांच्या, तीन तऱ्हा दिसतात. टेट्रास्टिकसची अंडी घालायची नळी लांब. ती केसांमधून अंड्यापर्यंत पोचते. तिच्या एका अळीला वाढायला किमान तीन अंडी लागतात, म्हणून मला ती सर्वांत कामाची वाटते. टेलेनोमस अंडी शोधतच नाही, ती पतंगिणीलाच शोधते. तिच्या शेपटीच्या केसांना धरून बसते आणि अंडे पडताच, गोधडी पडायच्या आत, त्यात आपले अंडे घालते. तिसरी ट्रायकोग्रामा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. दाट केसांपुढे तिचे फारसे चालत नाही. गंमत अशी की प्रयोगशाळेत वाढवणे सोपे म्हणून विकत मिळते ती हीच. धान्यातल्या पतंगाची अंडी कार्डावर चिकटवून त्यांत तिला वाढवतात. एका ट्रायकोकार्डावर सुमारे 20 हजार. ते तुकडे करून पानांखाली टाचायचे. कार्ड वाईट नाही, पण उरलेल्या दोघी खाचरात फुकट हजर असतात आणि आपण विषारी फवाऱ्याने त्यांनाही झोपवतो.

हा धडा इंडोनेशियाने महागात शिकला. फवारण्यांनी मित्रकीटक मेले, तपकिरी तुडतुडे माजले. अखेर 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी आली.

घराच्या वळचणीची गांधीलमाशी तर चुडीने जाळलीच जाते. तिच्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गडगकरांनी आयुष्य वेचले. रोपॅलिडिया मार्जिनाटाची राणी इतकी शांत असते की पोळ्यात राणी कोण हे पाहून ओळखता येत नाही! ही माशी अळ्या मारून पिल्लांना भरवते. कुंभारीण माशी मात्र आपल्याच बाजूचे शिपाई, म्हणजे कोळी, पकडून मातीच्या घरट्यात कोंबते. निसर्गाला आपला पक्ष ठाऊक नाही.

लावणीआधी रोपांचे शेंडे खुडतात ते याच अंडीपुंजांसाठी. खुडलेले पुंज जाळले तर आतल्या माश्याही जळतात. त्यापेक्षा बांबूच्या विरळ पिंजऱ्यात ठेवून खाचरात टांगायचे, अळ्यांना खाली उतरता येणार नाही असे. त्या उपाशी मरतात, आणि माश्या फटींतून उडून पुढच्या पतंगिणीकडे जातात.