स्मृतिमार्जन, संगणकाचे

संगणकाच्या स्थायी स्मृतीत साठविलेली माहिती कोणत्याही व्यवहार्य उपायाने परत मिळविता येऊ नये, अशा रीतीने नाहीशी करण्याच्या क्रियेस स्मृतिमार्जन म्हणतात. जुना लॅपटॉप विकणे, दान देणे, दुसऱ्याच्या वापरासाठी सोपविणे किंवा मोडीत काढणे यांपूर्वी ही क्रिया करणे आवश्यक असते. संगणक पुढेही वापरात राहणार असेल, तर मार्जनानंतर त्यावर प्रचालन प्रणाली नव्याने बसवितात. या क्रियेस पुनःस्थापना म्हणतात. दोन्ही क्रिया सामान्यतः एकापाठोपाठ होत असल्या, तरी त्यांचे हेतू भिन्न आहेत. पुनःस्थापनेमुळे संगणक पुन्हा कार्यक्षम होतो. तेवढ्याने जुनी माहिती नष्ट होतेच असे नाही. हा भेद दुर्लक्षित राहिल्यास खाजगी पत्रव्यवहार, छायाचित्रे, बँकेची कागदपत्रे इ. माहिती संगणकाबरोबरच परक्याच्या हाती जाते.

खोडणे व पुसणे : प्रचालन प्रणाली स्मृतीतील फाइलींची एक सूची ठेवते. प्रत्येक फाइलीचे नाव, आकारमान व स्मृतीतील स्थान यांची नोंद या सूचीत असते. फाइल खोडली असता सर्वसाधारणपणे ही नोंद तेवढी रद्द होते आणि फाइलीने व्यापलेली जागा मोकळी असल्याचे दर्शविले जाते. ग्रंथालयाच्या तालिकेतील पत्र काढून टाकले, तरी कपाटातील ग्रंथ जागेवरच राहतो; तसाच हा प्रकार होय. फॅट या जुन्या फाइल पद्धतीत तर नोंदीतील नावाचे पहिले अक्षर बदलून तेथे एक ठराविक खूण केली जाते व नोंदीचा उरलेला बराचसा भाग तसाच राहतो. त्या जागेवर दुसरी माहिती लिहिली जाईपर्यंत मूळ मजकूर साध्या पुनःप्राप्ती कार्यक्रमांनी वाचता येतो.

फॉरमॅट या क्रियेविषयीही असाच गैरसमज आढळतो. त्वरित फॉरमॅटमध्ये केवळ नवी, रिकामी सूची तयार होते. विंडोज एक्सपी व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट केले, तरी चकतीवरील सदोष भागांची तपासणी होई. माहितीवर पुनर्लेखन होत नसे. विंडोज व्हिस्टापासून (२००७) पूर्ण फॉरमॅट करताना सर्व जागेवर शून्ये लिहिली जाऊ लागली.

या गैरसमजाचे परिणाम अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील सिमसन गार्फिंकेल व अभी शेलाट यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत स्पष्ट झाले. त्यांनी नोव्हेंबर २००० ते ऑगस्ट २००२ या काळात जुन्या मालाच्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क मिळविल्या. त्यांपैकी १२९ वाचता आल्या आणि त्यांतील केवळ १२ नीट पुसलेल्या निघाल्या. उरलेल्यांवर वैद्यकीय माहिती, खाजगी पत्रे आणि ५,००० हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. पुष्कळ डिस्कांवर फॉरमॅट केल्याच्या खुणा होत्या. म्हणजे पूर्वीच्या मालकांनी काळजी घेतली होती, पण अवलंबिलेला उपाय अपुरा होता.

मार्जनाची योग्य पद्धत स्मृतिसाधनाच्या प्रकारावर अवलंबून असते. म्हणून लॅपटॉपमध्ये कोणते साधन आहे, हे प्रथम पाहावे लागते.

चुंबकीय चकती : हार्ड डिस्कमध्ये वेगाने फिरणाऱ्या चकतीवरील चुंबकीय लेपात माहितीची नोंद होते. आयबीएम कंपनीने १९५६ साली वापरात आणलेल्या पहिल्या चकती-साधनात ५० चकत्या होत्या व त्यांवर सु. ५० लाख अक्षरे मावत. घनता अनेक पटींनी वाढली असली, तरी मूळ तत्त्व तेच आहे. अशा चकतीचे मार्जन तिच्या सर्व भागांवर शून्ये किंवा यदृच्छ अंक लिहून करतात.

पुनर्लेखन किती वेळा करावे, याविषयी बराच काळ वाद होता. न्यूझीलंडमधील संगणकशास्त्रज्ञ पीटर गटमन यांनी १९९६ साली मांडलेल्या प्रबंधात ३५ लेखनांचा क्रम दिला होता. त्या काळी प्रचारात असलेल्या निरनिराळ्या संकेतन पद्धतींचा एकत्रित विचार करून तो ठरविलेला होता. कोणत्याही एका चकतीस सर्व ३५ लेखनांची गरज नसते, असे खुद्द गटमन यांनीच पुढे स्पष्ट केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या व २०१४ साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेनुसार आधुनिक चुंबकीय चकतीच्या बाबतीत एकवार पुनर्लेखनही सामान्यतः पुरेसे ठरते. सेकंदास १०० मेगाबाइट या वेगाने १ टेराबाइट क्षमतेची चकती एकदा लिहिण्यास सु. पावणेतीन तास लागतात. ३५ वेळा लिहिण्यास मात्र चार दिवस लागतील. सदोष ठरल्यामुळे चकतीने स्वतःच वापरातून वगळलेल्या भागांपर्यंत सामान्य पुनर्लेखन पोहोचत नाही, ही या पद्धतीची मर्यादा होय.

घनावस्था स्मृती : अलीकडील बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे अर्धसंवाहक साधन असते. त्यात फिरणारे भाग नसतात; सूक्ष्म घटकांतील विद्युत् भाराच्या रूपाने माहिती साठविली जाते. लेखन काही किलोबाइटांच्या पृष्ठावर होते, परंतु पुसण्याची क्रिया अनेक पृष्ठांच्या संपूर्ण खंडावर एकदम करावी लागते. शिवाय प्रत्येक खंड मर्यादित वेळाच पुसता येतो. झीज सर्वत्र समान व्हावी म्हणून साधनातील नियंत्रक नवे लेखन जुन्या जागी न करता दुसऱ्या मोकळ्या पृष्ठावर करतो आणि जुने पृष्ठ निरुपयोगी म्हणून नोंदवितो. साधनातील काही जागा राखीव असते व ती प्रचालन प्रणालीस दिसतही नाही. त्यामुळे एखाद्या फाइलीवर शून्ये लिहिली, तरी ती शून्ये अन्यत्र जातात आणि मूळ प्रत काही काळ शिल्लक राहते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ साली अशा साधनांची परीक्षा केली. एकेक फाइल पुसण्याच्या चकतीसाठी असलेल्या पद्धती येथे निष्फळ ठरल्या. सर्व दृश्य जागेवर दोनदा केलेले पुनर्लेखन बहुधा पुरेसे ठरले, पण नेहमीच नाही. साधनात अंतर्भूत असलेला मार्जनाचा आदेश सर्वांत परिणामकारक आढळला. मात्र काही निर्मात्यांनी तोही सदोष रीत्या अंमलात आणलेला होता. म्हणून घनावस्था स्मृतीसाठी निर्मात्याने पुरविलेल्या कार्यक्रमातून किंवा संगणकाच्या प्रारंभिक मांडणीतून हा आदेश देणे आणि नंतर पडताळणी करणे, ही पद्धत श्रेयस्कर होय.

कूटबद्ध माहिती : माहिती मुळातच कूटबद्ध करून साठविली असेल, तर तिची किल्ली नष्ट करणे पुरेसे असते. किल्लीवाचून उरलेला मजकूर निरर्थक अंकसमूह ठरतो आणि ही क्रिया काही क्षणांत पुरी होते. ॲपल कंपनीच्या टी-२ चिप अथवा स्वनिर्मित प्रक्रियक असलेल्या संगणकांवर मॅकओएस मॉन्टेरे (२०२१) या आवृत्तीपासून सर्व मजकूर व मांडण्या पुसण्याची जी सोय मिळाली, ती याच तत्त्वावर आधारलेली आहे. विंडोजमधील बिटलॉकर हीही कूटबद्धतेची सोय आहे. मात्र कूटबद्धता साधनाच्या वापरानंतर बऱ्याच काळाने सुरू केली असेल, तर पूर्वीच्या उघड प्रती राखीव जागेत राहण्याचा संभव असतो.

पूर्वतयारी : मार्जन ही परत न फिरविता येणारी क्रिया आहे. त्यामुळे आवश्यक फाइलींची प्रत बाहेरील साधनावर घेऊन ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे हे पहिले काम होय. मराठी मजकुराच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते. युनिकोड संकेतन रूढ होण्यापूर्वी ‘श्रीलिपी’, ‘शिवाजी’, ‘सुरेख’ यांसारखे टंक वापरून तयार केलेल्या फाइलींत रोमन अक्षरांचेच संकेतांक असतात. ते टंक देवनागरी आकार तेवढे दर्शवितात. फाइल जपली व टंक गमावला, तर नव्याने स्थापित केलेल्या प्रणालीवर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. म्हणून अशा टंकांच्याही प्रती घ्याव्यात किंवा मजकूर आधीच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा.

प्रत घेतल्यानंतर संगणकाशी जोडलेली ऑनलाइन खाती बंद करतात व हरवलेला संगणक शोधण्याची सोय काढून टाकतात. अन्यथा नव्या मालकास संगणक सुरू करताना अडथळा येतो. निर्मात्याने दिलेला पुनःप्राप्तीचा विभाग संपूर्ण मार्जनात नाहीसा होत असल्याने स्थापनेचे पेनड्राइव्ह मार्जनापूर्वीच तयार करावे. त्यासाठी लागणारी फाइल प्रणालीच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावी. विंडोजसाठी किमान ८ गिगाबाइट क्षमतेचे पेनड्राइव्ह लागते व त्यावरील आधीची माहिती नष्ट होते.

पुनःस्थापना : लॅपटॉप विजेच्या जोडणीवर ठेवून तो पेनड्राइव्हवरून सुरू करतात. स्थापना कार्यक्रम स्मृतीचे विभाग पाडतो, त्यांवर फाइल पद्धती मांडतो, प्रणालीच्या फाइली उतरवितो आणि संगणक पुन्हा सुरू करतो. त्यानंतर पडदा, ध्वनी, बिनतारी जाळे इ. घटकांचे चालक कार्यक्रम व सुरक्षाविषयक सुधारणा बसवितात. विंडोज ८ पासूनच्या (२०१२) बहुतेक लॅपटॉपमध्ये परवान्याची किल्ली निर्मात्याने मूलफलकावरील स्मृतीत नोंदविलेली असते. ती चकतीवर नसल्याने मार्जनानंतरही टिकते. संगणक दुसऱ्यास द्यावयाचा असल्यास स्थापना पहिल्या स्वागतपटापाशी थांबवितात, म्हणजे नवा मालक आपले खाते स्वतः उघडू शकतो.

प्रणालीची निवड संगणकाच्या वयावर अवलंबून असते. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षा घटक व ठराविक प्रक्रियक आवश्यक असल्याने अनेक सुस्थितीतील लॅपटॉप तिच्या कक्षेबाहेर राहिले. लिनक्सवर आधारित प्रणाली अशा संगणकांवर विनामूल्य बसविता येतात.

विल्हेवाट : संगणक नादुरुस्त असल्यास मार्जनाचा आदेश चालविता येत नाही. अशा वेळी स्मृतिसाधन काढून ते दुसऱ्या संगणकास जोडून पुसतात किंवा त्याचे तुकडे करतात. तीव्र चुंबकीय क्षेत्राने चकतीवरील माहिती नष्ट होते, पण तीबरोबर चकतीवरील मार्गदर्शक खुणाही नष्ट झाल्याने ती पुन्हा वापरता येत नाही. घनावस्था स्मृतीवर चुंबकाचा परिणाम होत नाही. भारतात १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार असा कचरा नोंदणीकृत पुनश्चक्रण करणाऱ्यांकडे जाणे अपेक्षित आहे. पुनश्चक्रणात धातू परत मिळतात. आतील माहिती पुसली जाईल, याची हमी त्यात नसते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ यात प्रयोजन संपल्यावर लोकांची वैयक्तिक माहिती नष्ट करण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थांवर टाकलेली आहे. घरगुती संगणकाबाबत ती जबाबदारी व्यवहारतः मालकाचीच राहते. मार्जन योग्य रीतीने व पडताळून केले असेल, तर माहितीच्या भीतीने चालू स्थितीतील साधन फोडण्याचे कारण उरत नाही आणि संगणक आणखी काही वर्षे दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.