घरचे काम आणि कामाचे घर

घरी बसून काम करण्याविषयी आपल्याकडे दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "घरी कसले काम होते? माणूस लोळत पडतो." दुसरा म्हणतो, "ज्याला करायचे आहे तो कुठेही बसून करतो." मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, असंख्य लोकांना एकाएकी घरून काम करावे लागले आणि हा वाद अधिकच रंगला. वस्तुतः दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. ते असे की, काम होणे वा न होणे हे सर्वस्वी माणसाच्या वृत्तीवर अवलंबून असते. हे गृहीत कितपत टिकते, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण चीनमधील शांघाय शहरातले. 'सीट्रिप' ही प्रवासाची व्यवस्था करणारी कंपनी. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये तिथे नऊ महिने एक प्रयोग केला. दूरध्वनीवरून ग्राहकांची कामे करणारे २४९ स्वयंसेवक निवडले. सम तारखेला जन्मलेल्यांनी आठवड्यातील चार दिवस घरून काम करायचे, विषम तारखेच्यांनी कार्यालयातून. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. पैकी सुमारे ९ टक्के वाढ ही विश्रांती व आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे होती आणि उरलेली ४ टक्के शांततेमुळे, म्हणजे दर मिनिटाला अधिक दूरध्वनी घेता आल्यामुळे.

हा आकडा ऐकून कुणी म्हणेल, मग घरच बरे! परंतु प्रयोगात भाग घेण्याची एक अट होती. कामासाठी घरी स्वतंत्र खोली हवी. म्हणजे ज्यांच्या घरी अशी खोली नव्हती, ते मोजमापात आलेच नाहीत. दुसरे असे की, प्रयोग संपल्यावर निवडीची मुभा मिळताच घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक कार्यालयात परतले. एकटेपणा हे त्याचे प्रमुख कारण होते. आणि ज्याने त्याने आपल्याला मानवेल ते निवडल्यावर कामातील वाढ २२ टक्क्यांपर्यंत गेली. तात्पर्य, लाभ केवळ घराचा नव्हता. सोयीच्या जागेचा आणि निवडीच्या स्वातंत्र्याचा होता.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढचा 'लिज्जत पापड'. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद ठेवावे लागले. हात तेच होते, उत्साह तोच होता. नव्हती ती कोरडी जागा. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह ठेवायचा. काम पावसातही चालू राहिले!

पुढे संस्था वाढली. केंद्रावर भिजवलेले पीठ घरी न्यायचे आणि लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, अशी पद्धत पडली. येथेही अट जागेचीच. घर स्वच्छ हवे आणि पापड वाळवायला जागा हवी. जिच्या घरी तशी सोय नसेल, तिला कुणी आळशी म्हणत नाही. तिला पीठ मळण्याचे, पाकिटे भरण्याचे वा तपासणीचे काम मिळते. शांघायच्या संशोधकांनी जी अट घातली, तीच या बायकांनी कितीतरी आधी अनुभवातून ओळखली होती.

जागेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे अखंड वेळ. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे एकाच घरात बसलेल्या भावाचे घर आणि बहिणीचे घर एक नसते. दार वाजले की कोण उठते, दूध उतू जाऊ लागले की कुणाला हाक जाते, हे आपण सारेच जाणतो. पाच मिनिटांसाठी उठलेल्या माणसाला पुन्हा मन लावायला आणखी वेळ लागतो. तो वेळ कुठल्याही हिशेबात धरला जात नाही.

हा विषय आपल्याला दूरचा नाही. विद्यार्थ्याचा अभ्यास हेही घरून करायचे कामच. निकाल लागला की आपण म्हणतो, अमका हुशार, तमकी कष्टाळू. पण अमक्याला दार लावून घेता येणारी खोली होती आणि तमकी सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात दिवा लावून बसत होती, हे गुणपत्रिकेवर कुठे लिहिलेले असते? वृत्तीला महत्त्व नाही असे मुळीच नव्हे. मात्र वृत्तीची परीक्षा घेण्यापूर्वी जागा आणि वेळ तरी सर्वांना सारखा मिळायला हवा.

प्रत्येकाच्या घराला खोली जोडणे महाविद्यालयाच्या हाती नाही. परंतु तास संपल्यावर ग्रंथालयाची एखादी खोली रात्री आठपर्यंत उघडी ठेवणे, आणि मुलींना वेळेवर घरी पोहोचता येईल अशी त्याची आखणी करणे, हे निश्चितच हाती आहे. गिरगावच्या बायकांनी पावसाला दोष देण्यापेक्षा खाट आणि स्टोव्ह आणला. आपल्याला एक खोली आणि चार दिवे पुरेसे आहेत.